कुठली चेन सरळ कापते

सोमवार, ६ एप्रिल

दिनेशने आज झाडं कापायच्या मशीनची आणखी एक चेन भंगारात टाकली. दिवाळीपासून चौथी. धार मीच लावली होती, शनिवारी, ओट्यावर बसून, एकेक दात. तर म्हणतो, "आई, धार तुझी चांगलीच गं. लोखंडच कच्चं येतं हल्ली." लेक माझा झाडं कापतो, लोखंडाचं त्याला काय कळतं? लोखंड मला कळतं. वखारीत ह्यांच्या करवतींना वीस वर्षं धार लावली ती काय चहा पीत बसून?

पण थकून आला होता. बोलले नाही.

तीन जातींच्या तीन चेनी आणायचं ठरलं. तिन्ही एकाच लाकडावर चालवायच्या. कुठली लवकर कापते, कुठली जास्त दिवस टिकते, बघायचं. पावसाआधीची कामं सुरू झालीत, आणि पुढच्या महिन्यात इंद्रलोकच्या सोसायटीतला तो मेलेला शिरीष आहे. चार मजल्यांएवढा, पार्किंगवर ओणवा झालेला. दोरावर लटकून कापायचा. वर गेल्यावर कच्ची चेन चालायची नाही.

वही दि.ने आणली. लिहिणार सूनबाई, मनीषा. मला अक्षर येत नाही, तिला झोप येते. जमेल.

(तिचं नाव नुसतं म. लिही म्हटलं. तेवढाच हात दुखायचा वाचेल.)

गुरुवार, ९ एप्रिल

चेनी आल्या. डब्यांवरचं मला वाचता येत नाही म्हणून म.च्या जुन्या ब्लाउजांच्या पिशव्या शिवून घेतल्या.

लाल पिशवी: रिळावरून मापाने तोडून देतात ती. स्वस्तातली. दिनेश आजवर हीच वापरत आला.
पिवळी: बाहेरच्या देशातली, खोक्यातून आलेली. हात फिरवला. दात बरे आहेत.
हिरवी: दातांच्या टोकांना दुसरंच कसलं कडक पोलाद डकवलेलं. दुकानदार म्हणाला म्हणे, माती लागू दे, खिळा लागू दे, हिला काही होत नाही. दि.ने विचारलं, धार? तर, "इसको कानस नहीं चलती, भाई. मशीन पे घिसवाना पड़ेगा."

म्हणजे हिला माझी गरज नाही. घरात आल्या आल्या तोरा. म.सुद्धा पहिल्या महिन्यात अशीच... हे लिहू नको म्हणते. लिही.

रविवार, १२ एप्रिल

चाळीच्या मागे बाभळीचा वाळका ओंडका पडलाय, त्याच्यावर पहिली परीक्षा. मी खुर्ची टाकून बसले. रामसूरत ओंडका धरून. रामसूरत म्हणजे दि.चा जोडीदार, दहा वर्षं खाली उभा राहून दोर सांभाळतो. माणूस कमी बोलतो, बोलला की टोचतं.

म. म्हणाली, मोबाईलमध्ये घड्याळ आहे, त्याच्यावर मोजू. म्हटलं, मोबाईलला चार्ज करावं लागतं. मलाही लागतं, पण अर्धा कप पुरतो. मी विसांनी मोजलं, ह्यांनी शिकवलेलं तसं.

एक चकती कापायला:
लाल – दोन विसा न तीन.
पिवळी – एक वीस न सोळा.
हिरवी – दोन विसा न अकरा.

हिरवी सगळ्यांत मंद. मला बरं वाटलं. लिही, खोटं कशाला.

तिन्हींच्या ढलप्या चांगल्या पडल्या. ढलपी पडली तर धार आहे, पीठ पडलं तर समजायचं गेली. एवढं आमच्या वखारीतल्या मांजरालाही कळायचं.

तीन चकत्या घरी आणल्या. ओंडक्याच्या वरच्या अंगाला होती त्या कडेला खाचा करून ठेवल्या: लालची एक, पिवळीची दोन, हिरवीची तीन. एकीवर हंडा, एकीवर पिठाचा डबा, एकीवर मी. तिन्ही जमिनीला चिकटून बसतात.

शेजारच्या जिग्नाबेन आवाजाला वैतागून बाहेर आल्या. "माजी, संडे को भी?" म्हटलं, बेन, झाडांना कुठे संडे कळतो. ओंडक्याच्या टोकाची एक जास्तीची चकती त्यांनाही दिली, कुंडीखाली ठेवायला. गेल्या.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. कामाला सुट्टी. सकाळीच पांढरं नेसून विहारात जाऊन आले. गुडघे बोलले, पण गेले.

दि. चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरलेला, लहान पोर धरतं तसा. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी, खडूसारखी. म्हटलं, काय रे? म्हणाला, "थंडी." एप्रिलात. भाईंदरात.

मी बघितलं. त्याने बघितलं की मी बघितलं.

म. म्हणते, मशीनच्या हादऱ्याने होतं. वरून जोर लावून दाबावं लागलं की जास्त. पहाटे तिला उठवून बोटं चोळून घेतो. आपल्याला हे माहीत नव्हतं. पडद्यापलीकडे झोपते मी, आणि...

आज एवढंच.

शुक्रवार, १७ एप्रिल

लाल चेन एकच दिवस नारळांवर चालली. नारळाचं खोड म्हणजे वाळू भरलेला काथ्या, धार खातं. पिवळीला तीन दिवस झाले, आत्ताशी पीठ पडायला लागलंय. दोन्ही आज माझ्याकडे आल्या.

ओट्यावर बसले. मशीन पाटावर, चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी माझ्याकडे. दात एकाआड एक, एक उजवीकडे तोंड केलेला, एक डावीकडे. सगळ्या उजव्यांना गोल कानशीचे चार हात, मग डाव्यांना चार. मोजून. पूर्वी एक बाजू झाली की अख्खी मशीन फिरवून घ्यायचे. दिवाळीत जिन्यावर पडले तेव्हापासून खांदा वर जात नाही, तर मनगटच वळवते. काम तेच.

म. ड्यूटीवरून आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हटलं, काय गं? म्हणे, काही नाही, पाय दुखतायत. हाटकेशच्या गाळ्यात नट-बोल्ट तपासायचं काम, दिवसभर उभ्याने. म्हटलं, बस मग, उभं राहून पाय बरे होतात का?

सोमवार, २० एप्रिल

हिरवीने आज खिळा खाल्ला. कुठल्या तरी पुढाऱ्याचा बोर्ड झाडाला ठोकलेला, बोर्ड गेला, पुढारी गेला, खिळा झाडाच्या पोटात. एक दात उडाला, बाकीचे तसेच. दिवसभर चालली. लाल असती तर तिथेच बसली असती.

दि. तिचं कौतुक करत होता. जेवताना. मी भाजी वाढली नाही पुन्हा.

गुरुवार, २३ एप्रिल

रामसूरत दोर ठेवायला आला. पाणी दिलं. म्हटलं, कसं चाललंय रे?

"ठीक है अम्मा. बस लकड़ी टेढ़ी आ रही है आजकल."

म्हटलं, म्हणजे?

"भैया बोलते हैं लकड़ी टेढ़ी है. दस साल सीधी थी. दिवाली के बाद सारे पेड़ टेढ़े हो गए." आणि हसला. पाणी पिऊन गेला.

दिवसभर डोक्यात तेच. झाडं काय, दिवाळीचा फराळ खाऊन वाकडी होतात?

रविवार, २६ एप्रिल

दुसरी परीक्षा. तोच ओंडका. लाल आणि पिवळी माझ्या हाताची धार लावलेली, हिरवी आहे तशी.

लाल – तीन विसा.
पिवळी – दोन विसा न नऊ.
हिरवी – दोन विसा न चौदा.

पहिल्या दोघी फारच घसरल्या. दि. म्हणाला, नवी चेन ती नवी, धार लावल्यावर थोडं होणारच. रामसूरत लाल आणि पिवळीच्या आधी हिरवी चढवून ओंडक्याचं तोंड सरळ करून घ्यायला सांगत होता. दोन वेळा. का, ते तेव्हा विचारलं नाही मी.

पण मी मोजत होते ते आकडे, आणि बघत होते दि.ला. लाल आणि पिवळी चालवताना तो मशीनवर अख्खा ओणवा होतो, उजवा खांदा घालून तिला रेटतो. बैल रेघ सोडून चालला की औत रेटतात तसं. हिरवीला नुसता धरून उभा होता.

नव्या तीन चकत्या आणल्या, तशाच खाचा करून. जुन्या जिग्नाबेनच्या कुंड्यांना.

सोमवार, २७ एप्रिल

सकाळी हंडा भरून चकतीवर ठेवला. पाणी एका अंगाला काठाशी, दुसऱ्या अंगाला चार बोटं खाली. जमीन वाकडी म्हणावी तर काल-परवापर्यंत सरळ होती.

चकती उलटून खाच चाचपली. दोन. पिवळी. एक खाचवाली घेतली, लाल. तीही डुगडुगली. तीन खाचांची ठेवली, हिरवी. दगडासारखी बसली.

मग लाल आणि पिवळीच्या कडांवरून बोटं फिरवली. दोन्ही खाचेपाशी बारीक, खाली जाड. रामसूरत आधी हिरवीने तोंड सरळ करायला लावत होता ते ह्यासाठी, वाकडा काप लपू नये म्हणून. दोन जातींच्या चेनी, दोन दुकानांतल्या, आणि वाकडेपणा एकाच अंगाला, एकाच मापाचा.

पहिल्या रविवारच्या चकत्या सरळ होत्या. तेव्हा दोघी कोऱ्या होत्या. मधे काय झालं? मी झाले.

आणि हिरवी सरळ, कारण तिला मी हातच लावला नाही.

दुपारभर तिथेच बसले. डाळ करपली. म.ला सांगितलं, गॅस मोठा होता.

(हे सगळं आज, गुरुवारी सांगतेय. तारीख सोमवारची टाक.)

गुरुवार, ३० एप्रिल

म.ला म्हटलं, सतरा तारखेचं पान वाच.

तिने वाचलं. चार हात, मनगट वळवते, काम तेच. सगळं मी सांगितलेलं. पण वाचताना तिचा डोळा पानाच्या कडेला जाऊन येत होता. मला अक्षर येत नाही, माणसाचा डोळा येतो.

म्हटलं, कडेला काय आहे?

"काही नाही आई."

म्हटलं, काही नाही एवढं लांब असतं का, दोन वेळा बघावं लागलं तुला.

मग सांगितलं. गाळ्यातली माप घ्यायची ती व्हर्नियर आणली होती तिने, अठरा तारखेला. चेनीचे दात मोजले. डावे दात उजव्यांपेक्षा लांब राहिलेत, सगळे, आणि धारही बोथट. चार हात मारते मी, पण वळलेल्या मनगटाचे चार म्हणजे सरळ हाताचे दोन. एका अंगाचे दात वेगळे, दुसऱ्या अंगाचे वेगळे, म्हणून चेन एकीकडे ओढते. ते आकडे तिने पानाच्या कडेला लिहून ठेवले होते. माझ्याच वहीत. माझ्याच नाकासमोर.

म्हटलं, बोलली का नाहीस?

"ते म्हणाले, आईला सांगू नकोस."

म्हणजे दि.ला दिवाळीपासून माहीत. चार चेनी भंगारात टाकल्या, लोखंडाला शिव्या दिल्या, झाडांना वाकडं म्हटलं. तीन चेनींची परीक्षा कसली, त्याला फक्त अशी एक चेन हवी होती जिला माझा हात लागायची गरज नाही आणि मला वाईटही वाटायचं नाही.

म. रडायला लागली. पानावर पडलं. म्हटलं, रड, पण वही बाजूला धर. शाई फुटते.

शुक्रवार, १ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. दि.ने दोन वाट्या खाल्ल्या, वाटी पाटावर ठेवून. उचलली नाही.

अजून त्याला बोलले नाही. काय बोलायचं तेच...

सोमवार, ४ मे

म.ला ओट्यावर बसवलं. म्हटलं, ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास. म्हणे, आई, मी दमते. म्हटलं, मीही दमते, तुला शिकवायचं म्हणजे दुप्पट.

कानस पुढे नेताना जोर, मागे आणताना हात मोकळा. मागे येताना घासली की दात मरतो. एका दमात. कोनाकडे डोळा नको, हाताला कळू दे. तिने पहिल्या दाताला नऊ हात मारले. म्हटलं, चार सांगितले. म्हणे, चमकला नाही. भांडी घासतेस का?

अंगठ्याला फोड आला. दाखवत होती. मी माझा अंगठा दाखवला. पुन्हा कानस उचलली.

मशीन तिने फिरवली. सहज. पदर सावरतात तशी.

गुरुवार, ७ मे

लाल चेन म.ने एकटीने केली. मोजलं तिने. मी नखाने चाचपलं. एक दात सोडला तर बरी आहे. एक दात सोडला हे मुद्दाम सांगितलं. सगळी बरी म्हटलं असतं तर उद्या शिकली नसती.

रविवार, १० मे

बोलले शेवटी. दि. पायरीवर मशीन पुसत होता.

म्हटलं, झाडं सरळ झाली का रे?

हात थांबला त्याचा.

"रामसूरतने सांगितलं?"

म्हटलं, हंड्याने.

मग म्हणाला, "काय सांगायचं होतं तुला? बाबा गेल्यावर तुला तेवढंच एक काम आहे."

म्हटलं, आणि तुला हात दोनच आहेत.

जिग्नाबेन कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्या डबा घेऊन आत गेल्या.

विचारलं, त्या शिरीषावर कुठली चेन नेणार होतास? म्हणाला, हिरवी. म्हटलं, एवढं मोठं वाळकं लाकूड, मंद चेन, वर लटकून दीडपट वेळ मशीन धरणार, ह्या बोटांनी? तर म्हणे, "वाकडी ओढणारी धरण्यापेक्षा बरं." खरं बोलला. पहिल्यांदा, दिवाळीपासून.

लागलं. लागू दे.

बुधवार, १३ मे

परवानगीचा कागद आला, इंद्रलोकचं काम शनिवारी.

दि.ने दुसरी पिवळी आणली, कोरी. पहिल्या पिवळीची धार मी लावायला घेतली. म. ड्यूटीवर गेल्यावर. मशीन फिरवायला रामसूरतला बोलावून घेतलं, दोन वेळा आला बिचारा. सकाळी बसले ती चार वाजेपर्यंत. आधी लांबलेले डावे दात उजव्यांच्या बरोबरीला आणायचे, मग सगळ्यांना धार. खांदा विचारत होता, म्हातारे, कशाला?

नव्या पिवळीलाही उद्या दिवसभर चालवून, परवा म. धार लावेल. कोरी धार टिकेल असं म. म्हणाली. म्हटलं, शिकलेला हात वापरला नाही तर विसरतो.

शुक्रवार, १५ मे

दोन्ही तयार. एक माझ्या हातची, एक म.च्या. दोन्ही पिवळ्या कापडाच्या पिशव्यांत. माझ्या पिशवीच्या नाडीच्या टोकाला गाठ मारली, म.च्या नाही. दि.ला सांगितलं नाही.

म.ने व्हर्नियर लावून माझे दात मोजले. उजवे-डावे सारखे, म्हणाली.

म्हटलं, खरं?

"वाचून दाखवू का आकडे?"

म्हटलं, मला काय कळणार. तू म्हणशील ते.

ती हसली नाही. तेव्हा विश्वास बसला. थोडा.

दि.ला म्हटलं, सकाळी दोन्हींवर हात फिरव, जी पटेल ती चढव, मला विचारू नको. वाटलंच तर हिरवी ने. तुझी बोटं, तुझा जीव.

शनिवार, १६ मे

साडेसहाला गेले दोघं. झोळी रामसूरतच्या खांद्यावर. त्यात काय घातलं बघितलं नाही, आत जाऊन बसले.

म.ची आज अर्धी ड्यूटी होती. दीडला आली. दोघी तांदूळ निवडत बसलो. खडे नव्हतेच, पॅकेटातले तांदूळ. तरी निवडले. दोनदा.

पाचला आले. भुशाने पांढरे, पण दोघंही, चालत.

रामसूरत आधी बोलला. "अम्मा, पेड़ सीधा हो गया."

दि.ने विचारायच्या आधीच सांगितलं, दोर बांधून मोठी फांदी खाली उतरवली, गाड्यांना खरचटलंही नाही, चेन एकदाही ओढली नाही. ढलप्या पडल्या, शेवटपर्यंत. कुठली चेन, ते बोलला नाही. मी म्हटलंच होतं विचारू नको, तर मीही विचारलं नाही. स्वतःच्याच बोलण्यात अडकले.

चहा दिला. कप दोन्ही हातांनीच धरला. एका दिवसात कुठे बोटं परत येतात. येतील का, डॉक्टरला दाखवायचं ठरलंय, सोमवारी. म. सुट्टी टाकतेय.

रविवार, १७ मे

शिरीषाची चकती आणलीये माझ्यासाठी. चांगली परातीएवढी. हंडा ठेवला. पाणी काठाला सगळीकडून सारखं. दोनदा बघितलं, एकदा चष्मा लावून.

झोळी खुंटीला तशीच टांगलेली आहे. दि. झोपलाय. आत तिन्ही पिशव्या आहेत, म. म्हणते. जी वापरली तिला ताज्या लाकडाचा वास असेल, तेल लागलेलं असेल. हिरवी असेल तर हिरवी. पिवळी असेल तर नाडी चाचपली की झालं, गाठ आहे की नाही. डोळे मिटूनही कळेल मला.

म. पेन थांबवून खुंटीकडे बघतेय. म्हणते, आई, काढू का?

म्हटलं, आधी हे लिहून संपव.